शेजारच्या सीटवरचे बावन्न किलो

त्याची गाडी मी आधी ऐकली, मग पाहिली, आणि त्याच्याकडे तर सगळ्यात शेवटी लक्ष गेलं.

आमच्या गॅरेजच्या कोपऱ्यावर एक गतिरोधक आहे. बिस्किटांचा पुडा घेऊन मी परत येत होते, तेवढ्यात खर्रर्र... असा आवाज झाला की माझे दातच शिरशिरले. हिरवी, दोन सीटची, माझ्या कमरेएवढी बुटकी गाडी पोट टेकून अडकली होती. मागचे हॉर्नवर हॉर्न देत होते आणि आतला माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता.

"सरळ नाही हो, तिरकी घ्या!" मी ओरडले. "आधी एक चाक... हां... आता दुसरं."

गाडी सुटली. त्याने घाम पुसत मान वर केली. "तुम्हाला गाड्यांतलं कळतं वाटतं?"

"छे हो! पोट खरवडल्यावर ओरडायला कळावं कशाला लागतं?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटतो – हे मी त्याच दिवशी पाहून ठेवलं, आता लपवून काय करू. म्हणाला, "इथे ते सस्पेन्शनवालं गॅरेज कुठेय? तिथली बाई कामात पक्की आहे म्हणे, पण भारी तापट."

"बरोबर ऐकलंय," मी म्हटलं, आणि पुढे होऊन गॅरेजचं फाटक उघडलं.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी ही हिरवी घेऊन डोंगरात पळायचं. तीन आठवड्यांनी घाटातली शर्यत होती – दोघांची. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून कागदावरची वळणं वाचून सांगायची. गेल्या वर्षी प्रत्येक लांब वळणावर ऑइलचा दिवा लागायचा आणि त्याला नाइलाजाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा लागायचा.

"लागणारच," आमचा डॉक्टर गाडीखालून म्हणाला. डॉक्टर म्हणजे आमचा इंजिनवाला. इंजिनला कान लावल्याशिवाय तो पाना उचलत नाही म्हणून हे नाव. "जोरात वळलात की चेंबरमधलं ऑइल एका कडेला पळतं. पंपाच्या तोंडी नुसती हवा! चेंबरमध्ये आडवे पडदे घालतो, पुढे ऑइल गार ठेवणारा एक कूलर बसवतो. पण खालचं अंग हिचं. काय गं स्प्रिंग?"

स्प्रिंग म्हणजे मी. जुने स्प्रिंग आणि शॉकअप काढून नवे, उंची कमीजास्त करता येणारे बसवायचे होते. आणि सगळ्यात शेवटी माझं आवडतं काम – तोल. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, गाडीत बसणाऱ्यांएवढं वजन सीटवर ठेवायचं, आणि स्प्रिंगखालच्या चकत्या फिरवत फिरवत तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा जुळवायच्या. एवढ्या हलक्या गाडीत माणसाच्या वजनानेही आकडे इकडचे तिकडे होतात.

म्हणून पहिल्याच दिवशी मी वही काढून विचारलं, "तुमचं वजन?"

"एकाहत्तर. म्हणजे... बहात्तर."

"आणि शेजारी बसणाऱ्यांचं?"

"बावन्न," तो पटकन म्हणाला. स्वतःचं आठवायला वेळ लागला, तिचं मात्र तोंडपाठ! वर पुन्हा लाडाने म्हणतो, "वजन सांगितलं हे कळलं तर माझी धडगत नाही. पण तिच्याशिवाय माझं पान हलत नाही हो."

मी लिहिलं – बावन्न. पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा. स्टुलावर बसून माझं काम बघायचा, नको ते विचारायचा.

"हे किती घट्ट करायचं, हे हाताला कसं कळतं?"

"तुम्हाला नंबर न बघता डोळा कळतो ना, तसंच."

"मग सांगू तुमच्या डोळ्यांचं?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"तेच सांगणार होतो..."

असं काही बोलला की माझ्या हातातला पाना घसरायचा. आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजायचा. "हो गं... हो, जेवलो. तू औषध... बरं बरं, नाही विचारत. येतोच." एवढ्या मऊ आवाजात! मी आधीच घट्ट असलेला बोल्ट आणखी आवळायची. बावन्न किलो. मी आरशात स्वतःला पाहायची – एकसष्ट किलो, दंड हे एवढाले, नखांत काळं. ती नक्कीच नाजूक असणार. शेजारच्या सीटच्या कप्प्यात मला एकदा तिचे हातमोजे सापडले, पातळ, मऊ, इवलेसे. मी माझा हात त्यात घालून पाहिला. चार बोटं गेली, अंगठा अडकला. काढता काढता शिवण उसवली, आणि मी ते गुपचूप परत ठेवून दिले.

"स्प्रिंग," डॉक्टर नाक वर करून हुंगत म्हणाला, "जळल्याचा वास येतोय. आणि ऑइल तर मी अजून भरलंच नाहीये."

"गप रे तू!" मी त्याला चिंधी फेकून मारली. तो खो खो हसला, मलाही हसू आलं. स्टुलावरचा चष्मेवाला मात्र अजिबात हसला नाही. उठला आणि "उद्या येतो" म्हणून निघून गेला. तिच्याकडेच गेला असणार, दुसरं काय!

तोल लावायचा दिवस उजाडला. तो दुकानात अडकला होता, म्हणून मी वाळूच्या पिशव्या घेतल्या. त्याच्या सीटवर बहात्तर किलो. शेजारच्या सीटवर बावन्न – मोजून, पट्टा लावून. आणि मी त्या पिशव्यांकडे बघत उभी राहिले. खरं सांगते, वाळूच्या पिशव्यांवर इतका राग आलेली बाई जगात दुसरी नसेल. कशा ऐटीत बसल्या होत्या त्याला टेकून!

मी त्या उचलून खाली आपटल्या. आणि रिकाम्या सीटवर तोल लावला. त्याच्या एकट्याचा. आकडे असे सुंदर जुळले की बघत राहावं. तपशिलाच्या कागदावर मात्र लिहिलं – दोन माणसं. खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने इंजिन चालू केलं, ऑइलच्या दाबाचा काटा वर चढून तिथेच स्थिर राहिला, आणि हिरवी गेली. जाताना तो काहीतरी बोलणार होता... मग डॉक्टरकडे बघून नुसताच "थँक्यू हं" म्हणाला.

पुढचे दोन दिवस डोळ्यांसमोर एकच. माझी सही. आणि घाटात, उतारावरच्या वळणात, त्याने जोरात ब्रेक दाबला आणि शेजारी ती बसलेली असली की गाडी एका बाजूला ओढणार. मी माझ्या हातांनी तसं करून ठेवलं होतं. सांगावं, तर कारण सांगावं लागणार. न सांगावं, तर... ते वाक्य माझ्याने पूर्ण करवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला.

"गाडी घेऊन या. आणि... त्यांनाही घेऊन या. खऱ्या वजनावर तोल लावायचाय."

तो आला. मी चांगला शर्ट घातला होता, उगाच. शेजारचं दार उघडलं आणि आधी एक काठी बाहेर आली, मग पांढऱ्या केसांचा बॉब, मग सत्तरीच्या एक बाई.

"ही माझी आत्या," तो म्हणाला. "गाडी मुळात हिचीच. मला चालवायलाही हिनेच शिकवलं."

"आणि माझे हातमोजे कोणी उसवले ते मला कळायला हवंय," आत्या म्हणाल्या. "शिवाय ही गाडी माझ्यावर रुसलीये. हा एकटा असला की सुतासारखी सरळ, मी बसले की डोकं वाकडं करते. काय केलंस गं पोरी?"

मी दोघांना आत बसवलं, पट्टे बांधले, काटे सुरू केले. "आता हलायचं नाही. मान वळवली तरी आकडे हलतात. जरा कुणी हललं, तर पुन्हा पहिल्यापासून."

दोघंही पुतळे होऊन समोर बघत बसले. मी त्याच्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून चकती फिरवायला घेतली. इथून त्याला माझा चेहरा दिसणार नव्हता. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"मी चुकीचा तोल लावला होता," मी चाकाशी बोलले. "मुद्दाम. कागदावर खोटं लिहिलं. पुन्हा माझ्याकडे गाडी आणली नाहीत तरी मी काही म्हणणार नाही."

"का पण?" त्याचा आवाज. मान सरळच.

"कारण... मला तुझ्या शेजारी कुणी नको होतं." 'तुम्ही' म्हणायचंही राहून गेलं. "कुणीच. बावन्न किलोची तर नाहीच नाही."

डॉक्टरने हातातला पाना हळूच खाली ठेवला.

"मीही एक खोटं बोललोय," तो विंडस्क्रीनला म्हणाला. "म्हणजे बोललो नाही, तेच खोटं. ही आत्या आहे हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण पेन्सिल मोडली तेव्हा तुझा चेहरा असा काही झाला... मला बरं वाटलं. आणि मग तो डॉक्टर तुला स्प्रिंग म्हणायचा, तू त्याला चिंध्या मारायचीस, खिदळायचीस. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या. म्हटलं, जळू दे हिलाही थोडं."

"डॉक्टर?" मी उभीच राहिले. "अरे, त्याला दोन पोरं आहेत! त्याची बायको माझ्यासमोर त्याचे कान उपटते!"

"उपटते," डॉक्टर म्हणाला.

"मूर्ख आहेस," मी चष्मेवाल्याला म्हटलं.

"आहे. मी हलू का?"

"अजिबात नाही. पाचच किलोंचा फरक उरलाय."

"मला हलायचंय."

"हललास तर पुन्हा पहिल्यापासून सगळं—"

त्याने पट्टा सोडला.

चारही काट्यांवरचे आकडे सैरभैर धावले. तो त्या बुटक्या गाडीतून कसाबसा, गुडघा आपटत बाहेर आला आणि माझे ऑइलने माखलेले हात त्याने आपल्या पांढऱ्या शर्टावर धरले. घट्ट. दहाच्या दहा बोटं उमटली.

"मी काही हललेली नाहीये हं," आत्या समोर बघत म्हणाल्या. "लिहून ठेवा."

तोल मी पुन्हा पहिल्यापासून लावला. पण लगेच नाही... जरा वेळाने.