उगमकाची पंचाईत

सांगलीजवळच्या 'येरळाई पंप्स'मध्ये सोमवारची बैठक पूर्वी तीन तास चालायची. उगमक आल्यापासून ती सात मिनिटांत आटपू लागली. त्यातली चार चहाची.

उगमक ही पेढ्यांच्या खोक्याएवढी पेटी. कुणी कल्पना मांडली, की त्याच्या आवाजातले चढउतार मोजायचे, जगभरच्या नोंदींशी ताडायचे आणि ती मुळात कुणाची हे खणखणीत सांगायचं, एवढंच तिचं काम. कंपनीने बाहेरच्यांच्या कल्पनांसाठी दारं उघडली होती. गिऱ्हाईक असो, फिटर असो, समोरचा कारखानाही असो. ज्याची कल्पना, त्याचं नाव पंपावर. हेतू उदात्त होता. परिणामी सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली.

संशोधनप्रमुख सुकुमार आरवाड्यांची तर दातखीळच बसली. एकतीस वर्षं बाहेरच्या प्रत्येक सूचनेवर त्यांनी "हे करून पाहिलंय" असा शेरा मारला होता आणि दोन वर्षांनी तीच स्वतःच्या नावाने आणली होती. परवा ते नुसतं "बघू या" म्हणाले, तर पेटी म्हणाली, "उगम: सौ. आरवाडे."

आज मात्र देवगडच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या केंद्रातले पंप थरथरून बंद पडले होते.

"आज उपाय निघाला नाही, तर संशोधन विभागाला कुलूप," मालकीण चौगुलेबाई शांतपणे म्हणाल्या.

उपाय आरवाड्यांना ठाऊक होता. पण बोललं की नाव निघणार आणि मागची एकतीस वर्षं उसवत जाणार.

"सर, तुम्हाला काहीतरी माहितीये," शेजारची इंजिनिअर रेश्मा कुजबुजली. "चेहऱ्यावर दिसतंय."

"चेहऱ्यालाही पेटी बसवलीये का?" आरवाड्यांनी समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. विभागात अकरा माणसं होती. त्यांनी घसा खाकरला. "पंपाची पाती सारख्या अंतरावर नकोत. एक जरा सरकवा, थरथर आपसांत जिरते. आणि पेटीला तसदी नको. हे माझं नाही. समोरच्या कारखान्यातल्या इस्माईल जमादारचं. बारा वर्षांपूर्वी एका लग्नात शेजारी जेवायला होता, ताटात भजी गोल मांडून दाखवलं त्यानं."

"उगम: इस्माईल जमादार," पेटीने दुजोरा दिला.

बाईंनी जमादारांना बोलावून घेतलं. ते हात पुसत आले आणि त्यांनी तोच उपाय सांगितला.

"उगम: सुकुमार आरवाडे," पेटी म्हणाली.

"बरोबरच की," जमादार म्हणाले. "भजी मी मांडली, पण एक सरकवलं साहेबांनी. तेव्हापासून गावभर सांगतोय, युक्ती साहेबांची."

"अरे, मी सरकवलं ते चटणीला जागा व्हावी म्हणून. अर्थ तू काढलास."

"मी कुठला काढतोय? तुम्ही ताटाकडे बघत बसलात, मला वाटलं तुम्हाला काहीतरी कळलं. म्हणून मी मान डोलावली."

"आणि तू मान डोलावलीस म्हणून मी विचार करायला लागलो."

पेटीने एकदा याचं नाव घेतलं, एकदा त्याचं. मग तिचा दिवा नुसताच लुकलुकत राहिला.

गुरुवारी देवगडचे पंप न थरथरता चालले. कुलूप टळलं. जमादार आता सोमवारी इकडेच चहाला येतात आणि बैठक पुन्हा तीन तास चालते. पंपावर लावायची नावाची पट्टी मात्र कोरीच राहिली. ती हातात घेऊन रेश्माने विचारलं, "बाई, दोघांपैकी एकालाही न सुचलेली गोष्ट दोघं शेजारी बसले म्हणून घडली असेल, तर इथं नाव कुणाचं कोरायचं?"