निम्मं, मग त्याचं निम्मं

"टाक ता पानी! टाक आधी!"

नीरजाने दचकून ओंजळ सोडली. पिणार नव्हतीच ती, नुसता तोंडावर हबका मारायचा होता. डोंबिवलीच्या कॉलेजात गणित शिकवणारी ही बाई भर उन्हात पिंपळपाड्याच्या विहिरीवर आली होती, कारण 'घातांकी फल' हा धडा शिकवायला तिला पुस्तकातले नाही, खरे आकडे हवे होते. ओरडली ती रंगूबाई. तिच्यामागे हसत उभा होता तो तिचा धाकटा मुलगा, जगन, महापालिकेचा पाणी सोडणारा व्हॉल्वमन.

"मॅडम, पाणी मोजायचं की प्यायचं, आधी ठरवा ना."

"तोंड धुवायचं होतं."

"कशाला? आहे ते बरंय की..."

त्या दिवशी जगनने तिच्याकडे चारदा पाहिलं. तिने दोनदाच, पण दुसरं जरा लांबलं, तेव्हा फिट्टंफाट म्हणायला हरकत नाही.

आकडे मात्र हसण्यासारखे नव्हते. वरच्या अंगाचा कारखाना बंद पडला तेव्हा पाण्यातलं विष ऐंशी भरलं होतं. पाचावर आलं की पाणी पिण्याजोगं. थोरला सहदेव आणि त्याची नवी नवरी एकाच वर्षात गेली होती. "हे बावीनं माजी पोरां खाल्लान," रंगूबाई विहिरीकडे बोट करून म्हणाली. दारात नळ आला होता. पण त्या घरच्या रीतीने नव्या सुनेची पहिली घागर विहिरीचीच, आणि म्हातारीने शपथ घातली होती... पाणी पाचावर आल्याशिवाय उंबऱ्यावर सून नाही.

पुढे ठाकुर्लीच्या टपरीवर दोघांचा चहा सुरू झाला, आणि दर दोन-चार दिवसांनी फोनवर जगनचा निरोप. 'उद्या पाणी कमी दाबाने येईल. भरून ठेवा.' प्रेमपत्र म्हणून मजकूर जरा तोकडाच, पण नीरजाने एकही पुसला नाही.

मार्चमध्ये त्याने कप खाली ठेवला. "गेल्या जूनला चाळीस भरलं. तीन वर्षांत ऐंशीचं चाळीस झालं ना? मग उरलेलं अजून तीन वर्षांत. त्यातलं एक सरतच आलंय. म्हणजे दोन... थांबाल?"

नेमक्या ह्याच उत्तरावर दहा वर्षं मुलांच्या वह्यांत लाल फुली मारणारी नीरजा म्हणाली, "थांबेन."

जूनमध्ये नव्या तपासणीचा कागद जगन स्वतः वर्गात घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शेवटच्या बाकावर बसला. नीरजाने पाकीट फोडलं. जगनच्या हिशोबाने सत्तावीस यायला हवे होते. आले बत्तीस.

"पाच मागे राहिलंय," तो मागून म्हणाला. "पुढच्या वर्षी भरून काढेल!"

पोरं हसली. कागद पर्समध्ये टाकता आला असता. वर्गाला दुसरं गणित घालता आलं असतं. नीरजाने खडू पुढे केला. "श्रिया, ये फळ्यावर."

श्रिया हुशार, आणि हुशार पोरांना दयामाया नसते. "मॅडम, हे सरळ उतरतच नाहीये. जेवढं उरतं तेवढ्याच मानाने कमी होतंय. दर तीन वर्षांनी निम्मं. चाळीस, वीस, दहा, पाच... नऊ वर्षं. एक गेलं. आठ!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. शेवटचा बाक सोडून.

"सरळ रेघ नाही का चालत, मॅडम?" त्याने व्हरांड्यात विचारलं.

"मुलांची चालत नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"विहिरीवर. पहिल्याच दिवशी."

"आणि तरी थांबेन म्हणालात?"

"तुम्ही दोन वर्षांसाठी विचारलंत. तेव्हाच आठ सांगितली असती, तर... विचारलंच नसतंत."

तो बराच वेळ कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला.

"ठाकुर्लीला खोली घेऊ," ती म्हणाली. "नळाच्या पाण्याची."

"आणि आई तिथे विहिरीपाशी एकटी? दोन पोरांना रडत?" त्याने मान हलवली. "आई सत्तरीची आहे. आठ वर्षांत एखाद्या दिवशी वाटेलच, की ती लवकर सुटली तर बरं. तुम्हाला नाही, तर मला. तसं नको व्हायला. नको गं, नीरजा."

'गं' पहिल्यांदाच आलं, आणि ते असं. तो जिना उतरून गेला. निरोप थांबले.

पुढच्या जूनमध्ये तो आला नाही, पाकीट आलं. नीरजाने न फोडताच फळ्यावर पंचवीस लिहिलं, मग फोडलं. पंचवीसच होते. खाली निळ्या पेनाने एक ओळ होती—

'उद्या पाणी कमी दाबाने येईल. भरून ठेव.'

पाकीट ऑफिसात चार दिवस पडून होतं. ते 'उद्या' केव्हाच होऊन गेलं होतं. घरी आल्यावर नीरजाने तरी सगळ्या बादल्या भरल्या, मग पातेली, मग तांबे, आणि शेवटी चहाचे दोन कप.