सरपंचाचे खड्डे

पट्टा हातातून सुटला आणि सरपंच सरळ नर्सरीत घुसला. प्रेरणा धापा टाकत पोचेपर्यंत मोगऱ्याच्या रोपांशेजारी त्याचा खड्डा खणून तयार होता.

"नाव काय ह्याचं?" मातीनं माखलेले हात झटकत एक तरुण उठून उभा राहिला.

"सरपंच... सॉरी हां, कुणाचं ऐकतच नाय तो."

"मग नाव बरोबर ठेवलंय. खणू द्या. मला तरी कुठं खड्डे खणायला माणूस मिळतोय!"

तो आकाश, नर्सरीचा मालक. बोलताना त्याचे डोळे आधी हसायचे. प्रेरणाला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली...

सरपंच म्हणजे दादानं हौसेनं आणलेला जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि हे वीतभर वादळ पुंडलिकनगरच्या घरात प्रेरणाच्या गळ्यात पडलं. फिरायला निघालं की रस्ता त्यानंच ठरवायचा. मनाविरुद्ध वळवलं तर भर चौकात फतकल मारणार, मग ओढा नाहीतर ढकला. तिला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. तिनं आजवर कशालाच ठाम 'नाही' म्हटलं नव्हतं. 'हवंय' असंही म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून सरपंच रोज संध्याकाळी तिला नर्सरीतच ओढून न्यायला लागला. तो माती उकरायचा आणि हे दोघं कट्ट्यावर चहा पीत बसायचे.

"आज पण त्यानंच आणलं?" आकाश विचारायचा.

"मग काय! मी कशाला येऊ?"

"व्हय का... मग पट्टा एवढा ढिला कसा?"

ती चहाच्या कपात तोंड लपवायची.

दिवाळी सरली. तुळशीच्या लग्नासाठी आईनं कुंडी रंगवली, आकाशच्या नर्सरीतली माती आणवली आणि तुळस नव्यानं लावली. लग्नाच्या आदल्या दुपारी सरपंचानं ती मुळासकट उपटून काढली.

आई तिथंच बसून रडली. "बास झालं!" आप्पा कडाडले. "उद्या लग्न लागलं की परवा हा कन्नडला, मामाच्या शेतावर."  नाकाला माती लागलेला सरपंच प्रेरणाच्या पायाशी येऊन बसला, आणि आपण आत्ताही गप्पच आहोत याची तिला फार लाज वाटली.

संध्याकाळी तिनं हे सगळं सांगितलं तेव्हा आकाशचा चेहरा पडला.

"माती... इथलीच होती?"

"हो. का?"

तो उठला, तुळशीचं एक रोप उचलून तिच्यासोबत निघाला.

आप्पांसमोर उभं राहून त्यानं एका दमात सांगून टाकलं, "काका, कुत्र्याचा काय दोष नाय. त्यानं परत यावं म्हणून मीच रोज मातीत खोबऱ्याचा तुकडा पुरून ठेवायचो. आमच्या मातीचा वास आला की खाली खोबरं असतंय, एवढंच त्याला ठाऊक."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "दुसऱ्याच्या कुत्र्याला रोज कशाला बोलवायचं रे?"

आकाशनं रोप या हातातून त्या हातात घेतलं. "कुत्र्याला नव्हतं बोलवायचं, काका..."

 आईनं पदर तोंडाला लावला.  प्रेरणाला गप्प राहणं किती सोपं होतं, नेहमीसारखं...

"आप्पा," ती म्हणाली, "सरपंच कुठंच जाणार नाय. आणि... पट्टा मीच ढिला सोडायचे."

 आप्पा आकाशच्या हातातल्या रोपाकडं बोट दाखवून म्हणाले, "आधी ते लाव. उद्या अंतरपाट धरायला ये. आणि माती तेवढी दुसरीकडून आण."