काजळीआडचा हिरा

टेबलावर सात टायटेनियमच्या कड्या होत्या. शेजारी पेटी होती आणि पेटीत सहा रिकाम्या खाचा. चांद्रगाडीला चाकं सहा, प्रत्येक चाकाच्या बेअरिंगला एक कडी. सातवी आपली हाताशी असावी म्हणून. आणि सातही नापास झाल्या होत्या.

नापास करणारा होता कोतवाल, ऊर्मिलाआत्याच्या प्रयोगशाळेतला तपासनीस रोबो. या कड्यांवर केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका पातळ कार्बनचा थर चढवायला आत्या चार वर्षं खपली होती. थर हिऱ्याचा असेल, तर चंद्रावरची धारदार धूळ कड्या झिजवू शकणार नव्हती. पण कोतवाल प्रत्येक कडीवर हिरवा लेसर टाकायचा आणि एकच शब्द बोलायचा, "काजळी."

पेटी संध्याकाळी निघणार होती. तोवर खाचा भरल्या नाहीत, तर जुन्याच साध्या कड्या जाणार आणि गाडी महिन्याभरात चंद्रावर अडकून बसणार.

आत्याने भाचीला, सहावीतल्या केतकीला, कड्या आवरून ठेवायला सांगितलं. उचलताना एक कडी क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या जातीच्या, काचेहून कठीण खनिजाच्या) पाटीवर घासली. बारीक चरा उमटला. केतकीने तो फडक्याने पुसून पाहिला, जाईना. मग तिने थर न चढवलेली एक कडी घेतली आणि मुद्दाम घासली. पाटीला काही झालं नाही.

"आत्या, काजळीने दगडाला चरा पडतो का गं?"

आत्या उठून आली आणि तिने चऱ्यावरून नख फिरवून पाहिलं. मग कोतवाल नेमकं काय मोजतो, ते तिने सांगितलं. प्रकाश पदार्थावर पडला की जवळजवळ सगळा होता त्याच रंगाचा परततो. प्रकाशाच्या कोट्यवधी कणांतला एखादा मात्र आपली थोडी ऊर्जा अणूंना हलवण्यात खर्च करून, रंग किंचित बदलून येतो. यालाच रामन विकिरण (प्रकाशाचं रंग बदलून विखुरणं) म्हणतात. किती ऊर्जा खर्च झाली, त्यावरून अणू एकमेकांना कसे बांधलेत ते कळतं. पडद्यावरच्या आलेखात हिऱ्याची रेघ १३३२ या आकड्यावर येते, काजळीची १५८०च्या आसपास.

"मग दोन्ही असतील तर दोन्ही रेघा दिसायला हव्यात."

"हव्यात. पण हिरव्या प्रकाशाची ऊर्जा काजळीतल्या इलेक्ट्रॉनांना बरोबर मानवते. ती हिऱ्याच्या कितीतरी पट जोरात उत्तर देते."

केतकीला वर्गातला तन्मय आठवला. ती म्हणाली, "आमच्याकडे सोपा प्रश्न आला की तन्मय एवढा ओरडतो, की शबाना बोललेली कुणाला ऐकूच येत नाही. मग बाई अवघड प्रश्न विचारतात. तेव्हा तन्मयचा आवाज बसतो."

आत्या हसली. तिने कपाटातून अतिनील लेसर काढला. अतिनील, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. त्याची ऊर्जा हिरव्याच्या दुपटीहून जास्त. त्याच्यापुढे काजळीचा जोर ओसरतो आणि हिऱ्याला बोलायला जागा मिळते. धोका एवढाच, की एकाच जागी पडत राहिला तर थर जळतो. म्हणून तिने कडी फिरत्या चकतीवर बसवली.

कोतवाल आडवा आला. "नियमात हिरवाच दिवा आहे."

"नियम कुणी लिहिला रे?"

"तुम्ही."

"मग मीच बदलते. हो बाजूला."

दोघींनी संरक्षक चष्मे चढवले. चकती फिरू लागली. पडद्यावर १५८०च्या आसपासचा उंच डोंगर आता बसकी टेकडी झाला होता. तिच्या डावीकडे सुईसारखं काहीतरी वर येऊ लागलं. केतकी पडद्याजवळ सरकली. आत्या मात्र सातवी उतरेपर्यंत एकेक कडी बदलत राहिली.

मग कोतवालाने निकाल वाचला.

"कड्या सात. १३३२वर रेघ असलेल्या, सहा."