तिसरा वाटा

कलेत संशोधन करते म्हटलं की ओतूरला आमचे दादा, म्हणजे वडील, मान डोलवतात आणि थोड्या वेळाने विचारतात, "पर म्हंजी नक्की काय करती?" मी पुण्यात एका कला महाविद्यालयात शिकवते आणि गावोगावच्या माणसांना बरोबर घेऊन प्रकल्प चालवते. चित्र एकटीने काढायचं नाही, सगळ्यांनी मिळून काढायचं, आणि ते कसं घडत गेलं याचा अभ्यास करायचा, असा तो प्रकार आहे. दादांना हे कधी पटलं नाही. सध्या सारवणावर काम चाललंय म्हटल्यावर मात्र त्यांना लगेच कळलं. म्हणाले, मग एवढ्या लांब कशाला गेलीस, आईला सांगितलं असतंस तर आपलं अंगण तरी झालं असतं.

तर, सारवण. ओल्या शेणकाल्यावर बोटांच्या कमानी उठतात. कुणाची कमान लांब, कुणाची आखूड. कुणी पंजा दाबून ओढतं, कुणी नुसती बोटं फिरवतं. अक्षरावरून माणूस ओळखावा तशी सारवणावरून बाई ओळखता येते, हे मला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी मी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला हिरडेवाडी गाठली. डोंगरातली लहानशी वाडी आहे, भात आणि नाचणीची. दिवाळी झाली की तिथे भाताच्या मळणीसाठी खळी करतात. जमीन भिजवायची, चोपून घट्ट करायची आणि वरून सारवायची.

माझ्याबरोबर अमृत होता, आमचा फोटोग्राफर. कमी बोलणारा, कामाला चोख, आणि ड्रोन उडवायला मिळाला की लहान मुलासारखा खूश. आम्ही निवडलं ते खळं तीन घरांचं मिळून होतं. झुंबरबाईंचं, रत्नाचं आणि जयाचं. झुंबरबाई वयाने मोठ्या, तोंडाने तिखट. रत्ना मधल्या वयाची, सारखी हसणारी. जया सगळ्यांत लहान, आणि तिला सातवा महिना चालू होता.

जयाचं सांगायला हवं. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. हे मूल तिला हवंच होतं, इतकं की त्याबद्दल ती बोलायचीसुद्धा नाही. नवरा सुदर्शन मंचरला गाडीवर, चार दिवसांनी घरी यायचा. सासू, साळुबाई, आदल्या आषाढात गेलेली. जया मला म्हणाली की रात्री झोप लागत नाही, पोटावर हात ठेवून पोर हलतंय का बघत बसते. घरात आत्या असती तर तिला उठवलं असतं, आता कुणाला उठवू. तिकडे सासूला आत्याच म्हणतात. मी तिला चहा करून दिला.

खळं सारवायच्या दिवशी ऊन छान होतं. गोल खळ्याचे तीन वाटे, भाकरीचे तुकडे करावेत तसे. झुंबरबाईंनी आपला वाटा केला, रत्नाने आपला केला. तिसरा तसाच कोरडा. जयाला वाकायला मनाई होती, ती बांधावर बसून बघत होती. मी रत्नाला म्हटलं, तेवढा तिचाही करून टाक. तिने हात धुतले आणि हसून मान हलवली. चौकशी केल्यावर कळलं, तिथली रीतच तशी. ज्या घरचा वाटा त्याच घरच्या बाईचा हात. त्या घरात करणारी कुणी नसेल तर तेवढा वाटा त्या वर्षी कोरडा राहतो, त्याच्यावर मळणी करत नाहीत, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही.

मला वाटलं ना. वरून फोटो काढला तर चित्रात टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. प्रकल्प माझा, नेतृत्व माझं, आणि सगळ्यांनी मिळून करायचं म्हणजे मीही त्यात आलेच की, असा मी स्वतःशी युक्तिवाद केला. जयाला विचारलं. ती घुटमळली, मग "करा की ताई" म्हणाली. मी साडी खोचली आणि बसले.

माझं सारवण बघून रत्नाला हसू आवरेना. कुठे जाड, कुठे खाली माती दिसतेय. अमृतने तेही टिपलं, मेला. काम संपवून कंबर धरून मी उठले तेव्हा झुंबरबाईंनी वाट्याकडे बराच वेळ बघितलं.

"तुमी केलं ते चांगलं केलं बाई," त्या म्हणाल्या. "पर ऱ्हायाचं न्हाई ते."

मला वाटलं, सुकलं की पोपडे निघतील असं म्हणायचं असेल त्यांना.

सकाळी आम्ही खळ्यावर गेलो तेव्हा धुकं वर चढत होतं आणि भाताच्या पेंढ्यांचा ओला वास सुटला होता. झुंबरबाईंचा आणि रत्नाचा वाटा सुकून फिकट झाला होता. तिसरा वाटा काळपट हिरवा, ओला. माझे फराटे कुठेच नव्हते. त्यांच्या जागी एकसारख्या, सुबक कमानी होत्या. एकीला एक लागून, अगदी कडेपर्यंत.

पहिल्यांदा मला राग आला. रत्नाने उजाडता उजाडता येऊन दुरुस्त केलं, आणि मला सांगितलंही नाही. पण रत्ना तर घराबाहेर पडली नव्हती. बिबट्या फिरत असल्याने उजाडल्याशिवाय तिकडे कुणी एकटं बाहेर पडत नाही. आणि मग मी कमानी नीट बघितल्या.

त्या उलट्या होत्या. उजव्या हाताची बाई सारवते तेव्हा कमान एका बाजूला वळते. या दुसऱ्या बाजूला वळल्या होत्या. डावरा हात. वाडीतल्या सगळ्या बायकांच्या हाताचे नमुने मी लाकडी फळ्यांवर घेऊन ठेवले होते. त्यांत डावरी एकही नव्हती.

अमृतने ड्रोन वर नेला आणि पडद्यावर फोटो मोठा केला. त्याने तो माझ्यापुढे धरला. प्रत्येक कमानीत बोटांच्या रेघा होत्या. करंगळीची एक, मग मोकळी जागा, मग बाकीच्या. करंगळीशेजारचं बोट कुठेच उमटलं नव्हतं. सगळ्या वाट्यात, एकदाही नाही.

जया आमच्या मागे येऊन उभी होती. तिने फोटो बघितला आणि मला हाताला धरून घरी नेलं. आत, भाताच्या कणगीमागे, भिंतीचा एक तुकडा तिने नव्याने लिंपला नव्हता. मोबाइलच्या उजेडात तिने तो दाखवला. जुनं, सुकून भेगा पडलेलं सारवण. डावरी कमान. करंगळीनंतर मोकळी जागा.

साळुबाईचं ते बोट तरुणपणी भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात गेलं होतं.

मी शिकलेली बाई आहे, पुरावा मागायची सवय असलेली. मी जयाला विचारलं, वाडीत आणखी कुणाचं असं बोट गेलंय का, पाहुणं कुणी आलंय का. तिला माझे प्रश्न ऐकूच गेले नाहीत. तिचा चेहरा उजळला होता.

"आत्या हाय," ती म्हणाली. "घरात हाय अजून."

झुंबरबाईंना काही नवल वाटलं नाही. साळूला दुसऱ्याचा हात आपल्या वाट्यावर कधीच खपायचा नाही, एवढंच त्या म्हणाल्या. रत्नाने मला चिडवलं की ताई, तुमचं सारवण बघून तिला वरती राहवलं नसंल. आणि त्या दोघी पेंढ्या आणायला निघून गेल्या. त्या दुपारी तिन्ही वाट्यांवर मळणी झाली. जया सावलीत बसून गाणं गुणगुणत होती. रात्री ती गाढ झोपली, असं तिनेच सकाळी येऊन सांगितलं.

पुढे पुण्यात प्रदर्शन लागलं. खळ्याचा तो फोटो मोठा करून मुख्य भिंतीवर लावला. खाली सहभागी कलाकारांची नावं द्यायची होती, आणि जयाने फोनवर एकच हट्ट धरला. तिसऱ्या वाट्याला आत्याचं नाव पाहिजे. मी दोन दिवस टाळलं. संशोधन म्हटलं की कुणी काय केलं हे खरं लिहावं लागतं. मग माझ्या लक्षात आलं की तिथे माझं नाव लिहिणं हेच खोटं झालं असतं, कारण माझं सारवण त्या फोटोत कुठेच नव्हतं. मी लिहिलं, झुंबरबाई, रत्ना, साळुबाई. लोकांना ते फार हृद्य वाटलं. दिवंगत स्त्रीला प्रतीकात्मक सहभाग दिला म्हणून माझं कौतुक झालं. मी हसले आणि आभार मानले.

त्याच सुमारास घोडेगावला जया बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी रडले. दोन दिवसांनी भेटायला गेले. जयाने पोर माझ्या मांडीवर दिलं. मी तिला नीट धरलं, कौतुक केलं, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिची डावी मूठ उघडली. पाचही बोटं होती. इवलीशी, गुलाबी, नखांसकट. छातीवरचं ओझं उतरलं. वर बघितलं तर जया माझ्याकडे बघून हसत होती.

"मीबी मोजली व्हती," ती म्हणाली.

नाव समृद्धी ठेवलं.

यंदा दिवाळीनंतर आम्ही पुन्हा हिरडेवाडीला गेलो. प्रकल्पाचं दुसरं वर्ष. यंदा जया स्वतः सारवणार होती. तिच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं आणि बोलणं वाढलं होतं. समृद्धी रांगायला लागली होती. तिला बांधावर गोधडीवर बसवलं होतं आणि तिच्यापुढे एक वाटी आणि चमचा टाकला होता.

मनात कुठेतरी मी साळुबाईची वाट बघत होते. पण यंदा घरची बाई होती, तिला यायचं कारण नव्हतं. जयाने वाटा पुरा केला. उजव्या हाताच्या स्वच्छ कमानी, सासूकडून शिकलेल्या, तरी तिच्या स्वतःच्या. मला बरं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. सगळ्या चहाला वळल्या.

तेवढ्यात वाटीचा आवाज थांबला. समृद्धी गोधडीवरून उतरून थेट ओल्या वाट्यात जाऊन बसली होती आणि हात आपटत होती. सगळ्या हसल्या. जयाने धावत जाऊन तिला उचललं, कमरेवर घेतलं आणि लटकं रागावली. मी बिघडलेली जागा बघायला पुढे गेले. झुंबरबाई आधीच तिथे उभ्या होत्या.

"त्याला हात लावू नगा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा समाधानाचा होता.

जयाच्या कमानींवर एक नवी कमान उठली होती. एकच. एका दमात ओढलेली.

मी खाली वाकले. तिच्यावर माझा पंजा धरून बघितला. कमान माझ्या पंजापेक्षा रुंद होती.

ती उलटी वळली होती, डावऱ्या हाताची.

अमृतने हातातला ड्रोन परत पेटीत ठेवला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

जया पोरीला घेऊन बादलीपाशी बसली होती. मला म्हणाली, ताई, जरा हिचा हात धुवा, माझेच हात भरलेत. मी समृद्धीची डावी मूठ हातात घेतली. ती खुदकन हसली. मी बोटं एकेक उघडली. तळवा शेणाने भरला होता, अंगठा भरला होता, करंगळी भरली होती.

करंगळीशेजारचं बोट तेवढं कोरडं होतं. स्वच्छ. मी हात पाण्यात धरला आणि बाकीची बोटं धुतली.