उजेडात बोलायचं

छापखान्यात त्या दुपारी तीन यंत्रं एकदमच धडधडत होती आणि मी घसा फोडून ओरडत होते.

"दोनशे प्रती! पिवळा कागद! तारीख ठळक... मागच्या खेपेला तुम्ही तारीखच चुकवली होतीत!"

मालकांनी कानामागे हात धरला, गोड हसले आणि मान हलवली. मी पुन्हा ओरडले. ते पुन्हा हसले. तेव्हा मात्र मी वैतागून एक वाक्य पुटपुटले – अगदी ओठांतल्या ओठांत, माझं मलाही ऐकू येणार नाही असं.

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीशी पुस्तकं शिवत बसलेला एक तरुण सुई ठेवून उठला. त्याने एका कागदावर काहीतरी खरडलं आणि तो कागद मालकांच्या पुढ्यात ठेवला. मीही वाकून वाचलं. 'दोनशे. पिवळा कागद. तारीख ठळक, कारण मागच्या वेळी आपण चुकवली. शेवटचं एक वाक्य आहे, ते मी लिहीत नाही.'

माझे कान लालबुंद झाले. यंत्रांपासून दूर, बाहेरच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलंच.

"तुम्हाला ऐकू कसं आलं ते?"

"आलं नाही. दिसलं."

"म्हणजे तुम्ही मघापासून माझ्या ओठांकडे बघत होतात?"

"हो."

"आणि हे सरळ तोंडावर सांगताय!"

"तोंडावरच तर बघत होतो," तो म्हणाला. हसला की त्याच्या डाव्या गालावर बारीकशी खळी पडायची, हे मी रागाच्या भरातही टिपून घेतलं. मग त्याने केस मागे सारले आणि कानामागचं छोटं यंत्र दाखवलं. एकोणिसाव्या वर्षी ताप आला आणि जाताना ऐकणं घेऊन गेला. यंत्राने थोडंफार कानावर पडायचं, बाकीचं तो समोरच्याच्या ओठांवरून, डोळ्यांवरून, मानेच्या हालचालीवरून जुळवायचा. "छापखान्यात कुणालाच काही ऐकू येत नाही," तो म्हणाला, "त्यामुळे इथे सगळ्यांत चांगलं मलाच ऐकू येतं."

मग त्याने माझ्या हातातलं पत्रक घेतलं आणि मथळा वाचला. 'बोलणे : ऐकलेले आणि पाहिलेले. पहिली सभा.'

आता मला हसावं की रडावं कळेना. अहो, हाच तर माझा विषय! आमच्या संस्थेत पहिल्या मजल्यावर बोलण्याचा आवाज तपासणारे बसत, तिसऱ्या मजल्यावर बोलणाऱ्याचा चेहरा तपासणारे. आम्ही त्यांना डोळेवाले म्हणायचो, ते आम्हाला कानवाले. अकरा वर्षांपूर्वी कोणत्या तरी बैठकीत आमचे सर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई यांचं वाजलं, तेव्हापासून दोन मजल्यांतून विस्तव जात नव्हता. आणि माझ्या शोधप्रबंधाला दोन्ही मजले हवे होते! आठ महिने पत्रं लिहून, जिने चढून-उतरून मी ही सभा जुळवली होती. संचालकांनी एकच दिवस दिला होता. जमलं तर दरवर्षी, नाही जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"ही सभा आमच्यासारख्यांसाठी आहे," त्याने विचारलं, "की आमच्याविषयी?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

"बुधवारी दुपारी या," तो म्हणाला. "वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी वर्ग घेतो."

मी गेले. एकदा नाही, सलग पाच बुधवार गेले. घरी ताई म्हणाली, "संशोधनाला जाताना केस इतक्या वेळा विंचरतात होय?" मी म्हटलं, चेहरा नीट दिसायला हवा, शास्त्रीय कारण आहे. ताईने आईकडे पाहिलं, आईने छताकडे.

वर्गात चौदा विद्यार्थी होते आणि सगळ्यांत तरुण विद्यार्थी एकसष्ट वर्षांचे. वयाबरोबर ऐकणं कमी झालेली ही मंडळी ओठ वाचायला शिकत होती. आगगाडीवरचे जुने गार्डकाका होते, दोन निवृत्त शिक्षक होते, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या मावशी, ज्यांच्या नजरेतून सुईचं नेढंसुद्धा सुटत नसे. तो समोर उभा राहून आवाज न काढता बोलायचा आणि हे लोक ओळखायचे. मग एकेकाची पाळी.

"आता पाहुणीबाईंनी बोलावं," मावशींनी फर्मान काढलं.

मी आवाज न काढता काहीतरी बोलले, मलाच हसू आलं आणि सवयीने तोंडावर हात गेला.

"हात काढा," तो म्हणाला. "अर्धं हसणं आत राहिलं."

चौदा जणांनी एकमेकांकडे सहेतुक पाहिलं.

वर्ग सुटला की आम्ही वाचनालयापासून बसथांब्यापर्यंत चालत जायचो. चालताना तो नेहमी माझ्याकडे वळून चालायचा, त्यामुळे खांब, कुत्री आणि सायकली सांभाळणं माझ्याकडे. "डावीकडे खांब," मी म्हणायचे आणि तो माझ्याकडे बघतच उजवीकडे सरायचा. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ताईशी बोलताना ती एकीकडे भाजी निवडत असते, सर खिडकीबाहेर बघत असतात. हा मात्र बघायचाच. कधीकधी मी उगाचच बोलत राहायचे... खोटं कशाला सांगू?

पण सभेला यायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा मिटला.

"तीन संस्थांमध्ये जाऊन आलोय मी. खुर्चीत बसवतात, डोक्याला तारा लावतात, पडद्यावर कुणीतरी बा-बा, गा-गा करतं. शेवटी 'फार छान, धन्यवाद'. काय सापडलं ते कुणी सांगत नाही."

"तुम्ही खुर्चीत नाही बसायचं. व्यासपीठावरून बोलायचं. सरांच्या नंतर लगेच."

"आणि माझे चौदा जण?"

"पहिली रांग त्यांची. शब्द देते."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," तो म्हणाला. एवढंच. पण मला तर रस्त्यातच गिरकी घ्यावीशी वाटली!

सभेच्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं. खुर्च्या, ध्वनिक्षेपक, पाणी, नावांच्या चिठ्ठ्या. कानवाले उजवीकडे बसले, डोळेवाले डावीकडे, मधली वाट मोकळी. पहिल्या रांगेत चौदा जण ठेवणीतले कपडे घालून ताठ बसले होते आणि त्यांच्या शेजारी तो. पांढरा सदरा, नीट भांग. मी त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसले. सर उठले, यंत्र सुरू झालं, पडद्यावर पहिला आलेख आला. आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी दिवे बंद केले.

सर अंधारात बोलू लागले.

"वीज गेली वाटतं," मावशी मोठ्याने म्हणाल्या.

अशा शंभर सभांना मी बसले होते, शंभर वेळा दिवे बंद झाले होते आणि मला कधी काही खटकलं नव्हतं. बोलणं कसं दिसतं यावर सभा, आणि बोलणाराच दिसत नाही! मी वळून त्याला काहीतरी म्हणाले... पण त्याला माझाही चेहरा दिसत नव्हता. तो उठून उभा राहिला. पडद्याच्या उजेडात मला एवढंच दिसलं की त्याच्यामागोमाग गार्डकाका उठताहेत, मावशी पिशवी उचलताहेत.

सरांना मध्येच थांबवण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. माझ्या शोधप्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. मी गेले आणि भिंतीवरची सगळी बटणं एकदम दाबली.

लख्ख उजेड पडला. सर डोळे मिचकावत वळले.

"काय चाललंय? दिवे लावले तर आलेख दिसणार नाहीत!"

"आलेख नाही दिसले तरी चालतील, सर," मी म्हटलं. "तुमचं तोंड दिसायला हवं. पहिल्या रांगेला तुम्ही अंधारात ऐकू येत नाही. चूक माझी आहे, मी आधी सांगायला हवं होतं."

आता संपलं सगळं, मी मनात म्हटलं. आठ महिने पाण्यात.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उठल्या. "खरंच की," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत सरांचा चेहरा आजच नीट पाहतेय. पिकलात हो तुम्ही!"

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. आणि सर... सरसुद्धा! त्यांनी यंत्र बंद केलं, खडू घेतला आणि आलेख फळ्यावर काढला. काढता काढता बोलू लागले, तर गार्डकाकांनी शिट्टीच मारली. "फळ्याशी बोलू नका साहेब, आमच्याशी बोला!" उरलेला अर्धा तास सर भोवऱ्यासारखे फिरत होते आणि ते बोलत असताना बाई फळ्यावरच्या आलेखावर बोट ठेवत होत्या.

मग तो बोलला. खुर्चीतून उठवलेल्या नमुन्यासारखा नव्हे, तर काम येणाऱ्या माणसासारखा. ओठांवर निम्मंच दिसतं, उरलेलं माणूस कसं जुळवतो, दाढीवाल्यांशी वाद का घालू नये, हे त्याने हसत-हसवत सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मधल्या वाटेत खुर्च्या आल्या होत्या. कानवाले आणि डोळेवाले तिथे पुढच्या वर्षीच्या प्रयोगावर तावातावाने भांडत होते. संचालकांनी लांबूनच मला मान डोलावून दाखवली. दरवर्षी!

मला नाचायला हवं होतं. पण संपूर्ण भाषणात त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. दुसरं कुणी न बघता ऐकत असेल, पण तो बघत नाही म्हणजे माझं काही ऐकायचंच नाही त्याला. आणि हे मला सहन होईना.

चहाच्या वेळी तो खिडकीशी उभा होता, नजर कपात. शेजारीच सर आणि बाई बोलत होते. मी मुद्दाम खिडकीच्या उजेडात, त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि थांबले. त्याने मान वर केली.

"रागावलात?"

"घाबरलो होतो," तो म्हणाला. "अंधार झाला आणि वाटलं, तुम्हीही... मग दिवे लागले. तेव्हापासून तुमच्याकडे बघितलं तर भाषण विसरेन, अशी भीती वाटत होती."

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! पण सर हाताच्या अंतरावर होते. म्हणून मी आवाज अजिबात न काढता, फक्त ओठांनी, सावकाश म्हटलं, "मला तू आवडतोस. खूप."

सरांनी आणि बाईंनी बोलणं चालूच ठेवलं. शेजारी असून त्यांना काहीच कळलं नव्हतं. पण सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीलगत चहा घेत बसलेल्या चौदा जणांनी एकदम कप खाली ठेवले.

"आत्ता गं बाई!" मावशी ओरडल्या. आणि टाळ्या.

चौदापैकी चौदा बरोबर! एवढा स्वच्छ निकाल माझ्या कोणत्याही प्रयोगात आला नव्हता.

"काय झालं? कशाच्या टाळ्या?" सर इकडेतिकडे बघू लागले.

तो मात्र हललाही नव्हता. कान माझ्याइतकेच लाल. "पुन्हा म्हण ना," तो म्हणाला.

"का? दिसलं नाही?"

"दिसलं. पुन्हा बघायचंय."

मी पुन्हा म्हटलं. त्याने कप खिडकीत ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि छापखान्यातली तिन्ही यंत्रं मागे पडतील अशा आवाजात म्हणाला, "मलाही तू आवडतेस! पायऱ्यांवर भांडलीस ना, तेव्हापासून!"

मग सरांनी बाईंकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि समाधानाने मान डोलावली.

"हां," ते म्हणाले, "हे मात्र आम्हालाही ऐकू आलं."