सतरा पूर्णांक सात

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या गॅरेजच्या फाटकात बरोब्बर मधोमध उभा होता, एक डोळा मिटून दुर्बिणीत बघत. आणि तिला गाडी बाहेर काढायची होती.

दुर्बीण तीन पायांच्या स्टँडवर, आणि तिन्ही पाय फाटकात. तिनं हॉर्न वाजवला. त्यानं दुर्बिणीतून डोळा न काढता एक बोट वर केलं. थांबा, म्हणे! स्वतःच्या फाटकात स्वतः थांबायचं?

“अहो, बाजूला होताय का?”

“दोन मिनिटं. रस्त्याची मोजणी चाललीय.”

“रस्ता काय पळून जाणार आहे?”

“रस्ता नाही हो पळत,” तो दुर्बिणीतच म्हणाला, “पण स्टँड हलला की सगळं पहिल्यापासून.”

दोन मिनिटांची अकरा झाली. तिनं घड्याळ लावून बघितली. मग साहेबांनी सामान गोळा केलं, समोर उभ्या असलेल्या आपल्या छोट्याशा, जुनाट, फिक्या निळ्या गाडीत कोंबलं आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, काळा धूर सोडला आणि बंद पडली. तिला इतका आनंद झाला की काय सांगावं!

“दोन मिनिटं,” ती बाह्या वर करत म्हणाली. “आता माझी.”

बॉनेट उघडल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. पत्रा ठणठणीत, कुठे गंज नाही. इंजिन तेवढं म्हातारं, पेट्रोल ढोसणारं. अशीच गाडी ती दोन महिने शोधत होती.

त्याचं कारण असं. गॅरेज तिच्या बाबांचं. गुडघे गेल्यापासून बाबा दाराशी खुर्ची टाकून बसत आणि ब्रेक-ऑइलची कामं तोंडानं करवून घेत. शेडचा मागचा अर्धा भाग तिचा. तिथं ती एकच काम करायची : पत्रा चांगला पण इंजिन खादाड, अशा जुन्या छोट्या गाड्यांत भंगारात निघालेल्या नव्या गाडीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा. तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी दीडपट पळते. बाबांच्या मते ही नसती उठाठेव. शेजारचा टायरवाला तिच्या अर्ध्या शेडवर डोळा ठेवून होता आणि बाबा त्याला ‘बघू’ म्हणत होते. या ‘बघू’नं तिची झोप उडाली होती.

वाट एकच होती. गावभर पाव पोचवणाऱ्या बेकरीच्या मालकीणबाईंकडे, ज्यांना सगळे मावशीच म्हणत, अशाच नऊ छोट्या गाड्या होत्या. मावशींनी स्वच्छ सांगितलं होतं, “आधी एक गाडी करून दाखव. तीन टाक्यांचं ॲव्हरेज हवं, तेही तिऱ्हाइताच्या हातचं. लिटरला वीस निघाले तर नऊच्या नऊ तुझ्या. नाहीतर राम राम.” बाबाही त्यावर म्हणाले होते, “नऊ गाड्या आल्या तर शेड तुझी.”

“किती देते ही?” तिनं त्याला विचारलं.

“तेरा पूर्णांक एक,” तो म्हणाला आणि खिशातून वही काढली. “गेल्या वर्षी तेरा पूर्णांक चार होती.”

आठ वर्षांचं प्रत्येक लिटर त्या वहीत होतं. तिऱ्हाईत असावा तर असा! तिनं गाडी ठेवून घेतली. मावशींची भानगड मात्र त्याला सांगितली नाही. गिऱ्हाइकापुढे आपलं रडगाणं कशाला?

पुढचे तीन आठवडे त्यानं तिच्या डोक्याला जो ताप दिला त्याला तोड नाही. मोजणीचं काम संपलं की हा हजर. इंजिन खाली उतरताना हा बाजूला स्टीलचा टेप घेऊन.

“डावीकडे झुकलंय,” तो म्हणायचा. “साडेतीन मिलिमीटर.”

“मी बारा वर्षं इंजिनं बसवतेय.”

“हो. पण हे साडेतीन मिलिमीटर झुकलंय.”

ती दात-ओठ खात मोजायची. साडेतीन भरायचे. खोटं बोलला असता तर हाकलून तरी दिलं असतं... पण हा माणूस सदान् कदा बरोबर! तिनं त्याचं नाव ‘दशांशराव’ ठेवलं. आधी बाबांजवळ म्हणायची, मग एकदा चुकून त्याच्या तोंडावर म्हणाली.

“दशांशराव,” त्यानं शांतपणे म्हणून बघितलं. “चालेल. आईनं ठेवलेल्या नावापेक्षा जवळचं आहे.”

तिला हसू आलं. ते लपवायला ती गाडीखाली गेली आणि उगाचच एक घट्ट नट पुन्हा घट्ट केला.

गाडी तयार झाली. पहिल्याच किल्लीला सुरू झाली आणि पाचव्या गिअरला अशी गुणगुणली की खुर्चीतले बाबासुद्धा “हं” म्हणाले. दहा दिवसांनी पहिली टाकी संपली आणि तो वही घेऊन आला. ती धावतच बाहेर आली.

“सतरा पूर्णांक सात,” तो म्हणाला.

“सतरा? शक्यच नाही!”

“मीटरप्रमाणे सतरा पूर्णांक सात. पण यात एक—”

“काही बोलू नका. सोमवारी या. मी शोधते काय ते.”

त्यानं वहीचं पान उलटायला घेतलं होतं. ते तसंच हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला. मग वही मिटली आणि म्हणाला, “बरं. सोमवारी येतो.”

सोमवारी तिनं प्लग बदलले. गुरुवारी एअर फिल्टर. पुढच्या सोमवारी ब्रेक घासतायत का ते बघितलं. दुसऱ्या टाकीला काय? सतरा पूर्णांक सात. तिचा जीव मेटाकुटीला आला. जेवताना, आंघोळ करताना, बाबांच्या गुडघ्यांना तेल चोळताना एकच विचार – कुठे चुकले मी? तिसऱ्या टाकीलाही तेच. बाबा काही बोलत नव्हते, पण टायरवाला दोनदा येऊन शेडची लांबी पावलांनी मोजून गेला होता.

आणि दशांशराव? दर सोमवारी, दर गुरुवारी न चुकता हजर. उलट्या खोक्यावर बसायचा, चहाचा कप हातात धरून गार करायचा, नाहीतर बॅटरीचा उजेड धरायचा. तिची नजर जिथं वळेल तिथं उजेड आधीच पोचलेला असायचा. एकदा पाना घेताना तिचा हात त्याच्या मनगटाला लागला. काळा डाग उमटला.

“पुसा ना,” तिनं फडकं पुढे केलं.

“असू दे,” तो म्हणाला.

असू दे! हे काय उत्तर झालं? ती दिवसभर चिडलेली होती आणि का चिडलेय ते तिलाच कळत नव्हतं. खरं तर कळत होतं. गाडी दुरुस्त झाली की हा यायचा बंद होईल, असं तिच्या मनात आलं होतं, आणि असले विचार करायला तिला मुळीच वेळ नव्हता.

शुक्रवारी तिनं हात टेकले. तो आला तेव्हा ती गाडीच्या चाकाला पाठ लावून जमिनीवरच बसली होती.

“तुम्ही आज? आज शुक्रवार आहे.”

“इथून जात होतो... काय झालं?”

“उद्या सगळं संपतंय, ते झालं.” आणि मग तिनं सांगून टाकलं : मावशी, नऊ गाड्या, टायरवाला, अर्धी शेड. “उद्या नऊला मावशी तुमची वही बघणार. सतरा पूर्णांक सात. खेळ खलास. मला हे काम येत नाही, दुसरं काय!”

तो पांढराफटक पडला. खोक्यावर बसायला गेला, बसला नाही. वही काढली आणि शेवटून उघडून तिच्यासमोर धरली. “वीस पूर्णांक एक,” तो म्हणाला.

“काय वीस पूर्णांक एक?”

“खरं ॲव्हरेज. तिन्ही टाक्यांचं. इंजिन उत्तम आहे, तुमचा मीटर कमी पळतोय. दहा किलोमीटरला आठ पूर्णांक आठ दाखवतो.”

तिनं कपाळावर हात मारला. पिनियन! गिअरबॉक्समधून मीटरची केबल फिरवणारं ते बोटाच्या पेराएवढं दातेरी चाक. गिअरबॉक्स ज्या गाडीतून काढला तिची चाकं लहान होती, आणि पिनियन त्या लहान चाकांच्या हिशेबानंच रस्ता मोजत बसलं होतं. बदलायचं राहिलं. पाच मिनिटांचं काम! सगळं इंजिन सोलून काढलं आणि तेवढं बघितलं नाही. ती स्वतःवरच हसणार होती, एवढ्यात तिच्या लक्षात काहीतरी आलं.

“तुम्ही जमीन मोजता,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला हे कधी कळलं?”

त्यानं वही मिटली.

“कधी?”

“तिसऱ्या दिवशी. घर ते ऑफिस अकरा पूर्णांक चार आहे, तो रस्ता मीच मोजलाय. मीटर दहाच दाखवायला लागला.”

“तिसऱ्या... आज बत्तिसावा दिवस आहे!”

“तेहतिसावा,” तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला पश्चात्ताप झाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सांगितलं का नाही?”

“पहिल्या टाकीला तेच सांगायला आलो होतो. तुम्ही धावत बाहेर आलात, नाकावर ग्रीस... आणि म्हणालात, सोमवारी या. मला वाटलं... सोमवारी यावं. सांगितलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत बदललं असतं, आणि मग मी कशासाठी येणार होतो?”

एरवी हे ऐकून ती विरघळली असती. आज नाही.

“इतके दिवस मी माझ्या हातांवर संशय घेतेय,” तिचा आवाज फुटला. “तुम्ही उजेड धरून बघत होतात. जिथं चूक नाही तिथं मी शोधतेय, हे बघत होतात!”

“मला नऊ गाड्यांचं माहीत नव्हतं. पण ते माहीत नसतानाही ही चूकच होती. माफ करा.”

“जा तुम्ही. आत्ता.”

तो गेला. गाडी ठेवून, पायी.

शनिवारी पावणेनऊला तो फाटकात उभा होता. या वेळी एका बाजूला, वाट मोकळी ठेवून. मावशी नऊला आल्या. ती काही बोलणार तोच तो पुढे झाला, “मावशी, मीटर चुकीचा आहे. मला महिन्यापूर्वी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. दोष माझा आहे.”

“पिनियन मी विसरले,” ती म्हणाली. “दोष माझा.”

“पण लपवलं मी.”

“विसरलं कोण पण?”

“अगं बाई!” मावशी वैतागल्या. “दोष मागाहून वाटून घ्या. मी मीटर मानत नाही नि वहीही मानत नाही. किलोमीटरचे दगड कुणी हलवलेले नाहीत ना? चला.”

टाकी काठोकाठ भरली. तीस दगड जायचे, तीस यायचे. ती गाडी चालवत होती, तो शेजारी, आणि मावशी मागे बसून मोठ्यानं दगड मोजत होत्या.

“चौथा गिअर फार वेळ ठेवलात,” तो पुटपुटला.

“आज तुम्ही बोलू नका.”

“अकरा!” मावशी ओरडल्या. “नवरा-बायको आहात का तुम्ही?”

“नाही!” दोघं एकदम म्हणाले, आणि पुढचे चार दगड कुणीच कुणाकडे बघितलं नाही. खिडकीतून वारा येत होता. इंजिन एका लयीत चाललं होतं. स्वच्छ, अजिबात न अडखळता. तिनं ते कान देऊन ऐकलं. चुकले नव्हते मी, तिला वाटलं, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

परत आल्यावर पुन्हा काठोकाठ टाकी. पंपाचे आकडे फिरत राहिले. तिनं डोळे मिटून घेतले.

“तीनला चमचाभर कमी,” तो म्हणाला. “तीन लिटरसुद्धा नाही!”

मावशींनी बोटांवर साठाला तीननं भागलं, दोनदा. “सोमवारपासून एक-एक गाडी पाठवते,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या गाड्यांचे मीटर आधी बघ हो.”

गॅरेजवर बाबांनी सगळं ऐकलं. मग टायरवाल्याला हाक मारून म्हणाले, “अहो, जागा दुसरीकडे बघा. इथं आमची मुलगी काम करते.” एवढंच. ती आत पळाली, कारण डोळे भरून आले होते.

डब्यातून योग्य दात्यांचं पिनियन शोधून तिनं ते बसवलं. खरंच पाच मिनिटं लागली. तो खोक्याशी उभा होता.

“झालं,” ती म्हणाली. “आता तुमचं इथं काही काम नाही.”

“नाही.” त्यानं वही चाचपली, काढली नाही. “मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी नाही... त्या दिवशी तुमचा हॉर्न ऐकवत नव्हता. नंतर कधीतरी. साधारण इंजिन उतरवलं तेव्हापासून.”

“साधारण?” ती बघतच राहिली. “तुम्ही? साधारण?”

“नक्की नाही सांगता येत,” तो ओशाळून म्हणाला. “खूप शोधलं.”

तिनं फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले. “एक अट आहे. काही कळलं की लगेच सांगायचं. तिसऱ्या दिवशी कळलं तर तिसऱ्याच दिवशी.”

“मान्य.”

“मग सोमवारी ये. काम नाही. तरीही ये.” मग मान फिरवून, भराभर, “मलाही तू आवडतोस. दुसऱ्या टाकीलाच कळलं होतं.”

“दुसऱ्या?” त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मग कपाळाला आठी. “म्हणजे दोन आठवडे झाले. मग सांगितलं का नाहीस?”

काय माणूस आहे! तिनं ग्रीसचं फडकं त्याच्या अंगावर फेकलं.

“दोन मिनिटं थांब,” ती म्हणाली. “हात धुऊन येते, मग चहाला जाऊ.”

ती आली तेव्हा केस विंचरलेले होते आणि नाकावरचं ग्रीस गेलं होतं. तो खोक्यावरून उठला, तिच्याकडे डोळे भरून बघितलं, आणि त्याच्याच्यानं राहवलं नाही.

“अकरा मिनिटं,” तो म्हणाला. “लगेच सांगायचं ठरलंय ना.”